आज्ञापत्रांतील टोपीकर

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा शिकलेला मराठी मनुष्य विरळा, पण तें आरंभापासून शेवटपर्यंत वाचलेला मनुष्य त्याहूनही विरळा. बहुतेकांच्या वांट्यास त्यांतले दोनच विषय येतात. एक दुर्गांची थोरवी, आणि दुसरा आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये ही ताकीद. पहिला किल्ल्यांवर हिंडणाऱ्यांस प्रिय, दुसरा सभेंतल्या वक्त्यांस. या दोहोंच्या बरेंच आधीं, सावकारांच्या प्रकरणांत, टोपीकरांविषयीं जो मजकूर आहे त्याकडेही वाचकांचें लक्ष जातें हें खरें; परंतु तें ज्या रीतीनें जातें ती रीति आम्हांस मान्य नाहीं. तो मजकूर भविष्यवाणी म्हणून वाचला जातो. अमात्यांस १८१८ साल शंभर वर्षें आधींच दिसलें होतें, त्यांचें कोणी ऐकलें नाहीं, म्हणून राज्य गेलें, असें म्हणून वाचक पुस्तक मिटतो. या वाचनानें अमात्यांचा गौरव होतो असें वाटतें. वस्तुतः त्यांच्या ग्रंथाचा अभ्यास त्यानें थांबतो. ज्यास भविष्य दिसलें त्याच्याशीं वाद कोण घालणार? आणि वाद घातल्यावांचून राजनीतीचा ग्रंथ वाचणें म्हणजे पोथीला हळदकुंकू वाहणें होय.

आज्ञापत्राचा काळ इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचा. तें निघालें कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नांवानें. तें ज्यांचें म्हणून मानलें जातें ते अमात्य नीळो सोनदेवांचे पुत्र. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयीं ते अमात्यपदावर होते, आणि १६८९ त राजाराम महाराज जिंजीकडे गेले तेव्हां ‘हुकुमतपन्हा’ हा किताब देऊन मागच्या मुलखाचा भार त्यांच्यावर टाकण्यांत आला. राजा दूर, खजिना रिकामा, औरंगजेब स्वतः दक्षिणेंत ठाण मांडून बसलेला, अशा स्थितींत ज्यानें वर्षानुवर्षें राज्य तगवून धरलें त्याला सावकाराची किंमत कोणी शिकवावी लागत नाहीं. म्हणूनच ग्रंथांत सावकारांस स्वतंत्र प्रकरण मिळालें. परदेशचे व्यापारी बोलावून आणावे, त्यांस पेठांत वसवावें, त्यांचा मान राखावा; अलभ्य वस्तु त्यांच्यामुळें राज्यांत येतात आणि संकटाच्या वेळीं कर्जही त्यांच्याकडूनच मिळतें, असें तें प्रकरण सांगतें. आणि याच प्रकरणांत, सावकारांची एवढी स्तुति झाल्यावर, अमात्य एकाएकीं आवाज बदलतात.

फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार हेही सावकारीच करितात. पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या मागें त्याचा राजा उभा आहे, तो त्याच राजाच्या हुकुमानें येथें येतो. आणि ज्याला भूमीचा लोभ नाहीं असा राजा कोणी पाहिला आहे काय? एवढ्या एका प्रश्नावर अमात्यांचा सगळा युक्तिवाद उभा आहे. परराष्ट्रांसाठीं त्यांनीं वेगळें प्रकरण लिहिलें नाहीं, परराष्ट्र त्यांना बाजारांतच भेटलें, ही गोष्ट आमच्या मतें या ग्रंथांतली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट आहे. तराजूच्या मागें तोफ असूं शकते हें त्या काळीं सर्वांनाच कळत होतें असें नव्हे. आज्ञापत्रानंतर वर्षादोन वर्षांतच, १७१७ त, दिल्लीच्या फर्रुखसियर बादशहानें वर्षाला तीन हजार रुपयांच्या बदल्यांत इंग्रज कंपनीस बंगालच्या व्यापारांत जकात माफ केली. दिल्लीला तेथें एक नजराणा देणारा व्यापारी दिसला. बावड्याच्या अमात्यांना व्यापाऱ्याच्या मागें उभी असलेली सावली दिसली.

परंतु ही दृष्टि आकाशांतून उतरली नव्हती. १६६० त सिद्दी जौहरानें पन्हाळ्याला वेढा घातला असतां राजापुरच्या वखारीचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीस गेले होते; पुढच्याच वर्षीं ती वखार लुटली गेली आणि वखारवाले कैदेंत पडले. म्हणजे व्यापारी म्हणून दिलेल्या जागेंतून तोफ बाहेर पडते हें राज्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. १६७१ त शिवाजीमहाराजांनीं कुडाळच्या सुभेदारास मिठाविषयीं पत्र लिहिलें. फिरंग्यांच्या बारदेशांतलें मीठ स्वस्त पडतें म्हणून उदमी तिकडे वळतील आणि आपल्या बंदरांतला मिठाचा धंदा बुडेल, यास्तव त्या मिठावर जकात जबर बसवावी, असा त्याचा आशय. परक्याचा माल स्वस्त पडला तर आपला मिठागरवाला मरतो, एवढें अर्थशास्त्र त्या दरबारास ठाऊक होतें. आणि १६७४ त हेन्री ऑक्झेंडन रायगडास तहाचीं कलमें घेऊन आला तेव्हां मुंबईच्या नाण्याचा प्रश्न निघाला. वजन व कस बरोबर असेल तर नाण्यास मनाई नाहीं, परंतु प्रजेनें तें घेतलेंच पाहिजे अशी सक्ती करतां येणार नाहीं, असा महाराजांच्या उत्तराचा रोख होता. वादळानें किनाऱ्यास लागलेल्या जहाजांचा माल परत करण्याचें कलमही त्यांना पटलें नाहीं. कोंकणचा जुना रिवाज तसा नाहीं, असें कारण मिळालें. जकात, नाणें, फुटलेलीं जहाजें हीं आजही कोणत्याही व्यापारी तहाचीं पहिलीं कलमें असतात. अमात्यांनीं हें सगळें जवळून पाहिलें होतें. त्यांच्या टोपीकरांवरच्या परिच्छेदांत पन्नास वर्षांच्या दफ्तराचें सार आलें आहे. त्यांची नजर भविष्याकडे नव्हती, मागें घडलेल्याकडे होती, आणि ती पक्की होती.

गद्याविषयीं थोडें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. फारसी दफ्तरी शब्द आणि संस्कृत नीतिशास्त्रांतले शब्द येथें एका पंक्तीस जेवावयास बसले आहेत, आणि कोणाचाही विटाळ कोणाला होत नाहीं. वाक्य लांबत जातें, कारणाला कारण जोडलें जातें, आणि शेवटीं हुकूम येतो तो मात्र तोकडा. हल्लीं अनेक विद्वानांचें उलट होतें. कारण एकच आणि उपदेश चार पानें.

आतां हुकुमाकडे वळूं. टोपीकरांनीं यावें, व्यापार करावा, जावें. राहण्यास जागा मात्र शक्य तों देऊं नये. देणें प्राप्तच झालें तर समुद्रकांठीं किंवा खाडीच्या मुखाशीं देऊं नये, कारण तेथें त्यांचीं जहाजें, तोफा आणि दारूगोळा त्यांच्या पाठीशीं राहतो आणि आज वखार दिसते तेथें उद्यां किल्ला दिसतो. जागा आंत, सखल भागीं, मोठ्या वस्तीच्या दाबाखालीं असावी. पक्की इमारत होऊं देऊं नये. या नियमांत भीतीपेक्षां हिशेब अधिक आहे. परक्याचें बळ समुद्रावर आहे, तर त्याला समुद्रापासून तोडा. आपलें बळ डोंगरावर आहे, तर त्याला डोंगराच्या नजरेखालीं बसवा.

हा नियम नकाशावर ठेवून पाहावा. खालापूर तालुक्यांतलें कुंभिवली घ्या. समुद्रापासून आंत, घाटाच्या पायथ्याकडचा सखल पट्टा, पूर्वेस सह्याद्रीची भिंत, आसपास माणिकगड, इर्शाळगड आणि प्रबळगड. अमात्यांस वखारीसाठीं जागा नेमावयाची असती तर त्यांनीं अशाच एखाद्या गांवावर बोट ठेवलें असतें. आज त्या बाजूस कारखाने आणि गुदामें आहेत, आणि न्हावाशेवा बंदराच्या लोखंडी पेट्या खालापुरावरूनच घाट चढतात. परंतु खुद्द त्या बंदरांत काय झालें पाहा. तेथला एक धक्का १९९९ त एका विलायती कंपनीनें चालवावयास घेतला, आणि २००६ त ती कंपनीच दुबईच्या सरकारी मालकीच्या कंपनीनें विकत घेतली. म्हणजे खाडीच्या मुखाशीं, अमात्यांनीं नेमकी निषिद्ध ठरविलेल्या जागीं, मागें राजा असलेला सावकार येऊन बसला. तरी तेथें किल्ला उठला नाहीं. कारण भूमि आपली, करार तीस वर्षांच्या मुदतीचा, जकातीचें नाकें आपलें, आणि बाहेर समुद्रांत आरमारही आपलें. उलट श्रीलंकेनें २०१७ त हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्यानें एका चिनी कंपनीच्या हातीं दिलें तेव्हां दिल्लीपासून कोलंबोपर्यंत जी कुजबुज झाली, ती अमात्यांच्याच प्रश्नाची होती. २०२० च्या एप्रिलांत भारत सरकारनें आपल्या सरहद्दीस लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या भांडवलास पूर्वपरवानगीची अट घातली, तेव्हांही तोच प्रश्न विचारला गेला: या सावकाराच्या मागें कोण उभा आहे? प्रश्न टिकला. जागेचा नियम मात्र टिकला नाहीं. कोस मोजून परका आटोक्यांत राहत नाहीं. त्याला दिलेलें परत घेण्याची ताकद आपल्या हातीं आहे कीं नाहीं यावर सारें अवलंबून असतें.

नियमांतला दुसरा दोष अधिक मोठा आहे. तो न आलेल्या पाहुण्यासाठीं लिहिला आहे. अमात्यांनीं लेखणी हातीं घेतली तेव्हां गोवें फिरंग्यांचें होऊन दोन शतकें झालीं होतीं. वसई आणि साष्टी त्यांच्याच हातीं होती. मुंबई १६६८ पासून इंग्रज कंपनीची होती, आणि सुरतेची वखार त्याहूनही जुनी. खाडीच्या मुखाशीं जागा देऊं नये हें ठीक. पण जीं मुखें त्यांनीं आधींच धरलीं आहेत त्यांचें काय? तेथें ग्रंथ गप्प आहे. ‘अमात्यांचें ऐकलें असतें तर’ असा उसासा टाकणाऱ्यांनीं एवढें सांगावें कीं, त्यांची आज्ञा अक्षरशः पाळली असती तरी मुंबईच्या बंदरांतलें एक गलबत तरी त्यामुळें कमी झालें असतें काय?

आणि परीक्षा झाली ती याच खालापुराच्या पट्ट्यांत झाली. १७७८ च्या नोव्हेंबरांत मुंबईकर इंग्रजांची सुमारें चार हजारांची फौज निघाली आणि पनवेलीस उतरून घाटाकडे वळली. तिच्याबरोबर सामानाचे म्हणून सुमारें १९,००० बैल होते. चौक, खालापूर, खोपोली असा तो रस्ता. आणि समोर बोरघाट. त्याच तालुक्यांत खोपोलीच्या दक्षिणेस उंबरखिंड आहे, जेथें १६६१ त कारतलबखानाच्या मोंगली फौजेस शिवाजीमहाराजांनीं रानांत कोंडून शरण आणिलें होतें. डोंगर तेच होते. तरीही या वेळीं घाट अडविला गेला नाहीं. स्टुअर्ट नांवाच्या कप्तानानें आधींच पुढें जाऊन घाटमाथा धरला. मराठी फौजेनें लढाई घाटावर नेली. मुलूख ओसाड करून ठेवावा, दाणावैरण मिळूं देऊं नये, रोज कडेनें टोचावें असा महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांचा बेत. इंग्रज फौज मुंगीच्या पावलांनीं सरकली. कार्ल्यास ४ जानेवारी १७७९ रोजीं स्टुअर्ट पडला. ‘इष्टुर फांकडा’ म्हणून शत्रूनेंच त्याची आठवण ठेवली, हें त्या काळच्या दिलदारीचें लक्षण. तळेगांवाहून रातोरात माघार, वडगांवास वेढा, आणि तेथेंच तह. साष्टीसुद्धां १७७३ नंतर घेतलेलें सारें परत करण्याचें इंग्रजांनीं कबूल केलें. वॉरन हेस्टिंग्जनें तो तह मानला नाहीं ही गोष्ट वेगळी. दोन वर्षांनीं, १७८१ त, जनरल गॉडर्ड बोरघाट धरून खोपोलीस तळ देऊन बसला; त्यालाही एप्रिलांत पनवेलीकडे परतावें लागलें, आणि त्या वाटेंत मराठ्यांनीं त्याचीं चारशेंहून अधिक माणसें ठार वा जखमी केलीं.

यावरून किल्ले, घाट आणि गनिमी कावा यांविषयींचें अमात्यांचें शास्त्र खरें ठरलें असें म्हणतां येईल. दुर्गांच्या प्रकरणास पूर्ण गुण द्यावे. परंतु १७७८ च्या त्या लांबलचक रांगेंत तोफा, बैल आणि गोरे शिपाई यांच्याबरोबर आणखी एक स्वारी होती, आणि आमच्या दृष्टीनें इतिहासाचा सारा अर्थ तिच्यांत होता. रघुनाथराव पेशवे त्या फौजेबरोबर पुण्याची गादी घेण्यास निघाले होते. नारायणरावाच्या खुनानंतर कारभाऱ्यांनीं त्यांना दूर सारलें. १७७५ त त्यांनीं सुरतेस इंग्रजांशीं तह करून साष्टी आणि वसई देण्याचें वचन दिलें. टोपीकरानें घाटाची वाट स्वतः शोधली नाहीं. घरच्याच माणसानें दार उघडलें.

अमात्यांस असा मनुष्य ठाऊक नव्हता काय? पुरेपूर ठाऊक होता. सावकारांच्या पाठोपाठ वतनदारांचें प्रकरण येतें. परचक्र आलें कीं वतनाच्या लोभानें हे लोक सर्वांआधीं शत्रूस जाऊन भेटतात, इकडचा भेद तिकडे पोंचवितात, आणि परक्याचा शिरकाव करून देतात, असें तेथें त्यांनीं कडक शब्दांत लिहून ठेवलें आहे. म्हणजे परका त्यांनीं ओळखला होता, घरभेद्याही ओळखला होता. पण दोघांस दोन प्रकरणांत वेगवेगळें बसविलें. टोपीकराच्या प्रकरणांत वतनदार नाहीं, वतनदाराच्या प्रकरणांत टोपीकर नाहीं. आम्हांस या ग्रंथांतलें खरें उणें हेंच वाटतें. राज्य गेलें तें या दोन प्रकरणांच्या सांध्यांतून गेलें. आणि वतनदार म्हणजे गांवचा देशमुख एवढाच अर्थ धरला तर तोही अपुरा. कारण पेशवाईंत हें काम गादीच्या वारसानेंच केलें. अमात्यांचा स्वतःचा प्रसंगही विसरतां येत नाहीं. ज्या दरबाराच्या नांवानें आज्ञापत्र निघालें तो दुभंगलेल्या घराचा अर्धा भाग होता. साताऱ्यास शाहूमहाराज, कोल्हापुरास संभाजीराजे. राज्यास एकच धनी आहे असें गृहीत धरून लिहिलेला हा ग्रंथ दोन धनी असतांना लिहिला गेला. परक्याशीं एकानें बोलावें कीं दोघांनीं, आणि दुसऱ्यानें बोललेलें पहिल्यानें पाळावें कीं काय, या प्रश्नाला हात घालणें म्हणजे आपल्याच राजास अडचणींत आणणें होतें. तो टाळण्यांत आला असेल तर नवल नाहीं. पण टीकाकारानें त्याची नोंद केली पाहिजे.

आरमाराच्या प्रकरणाचीही गति हीच झाली. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग आहे; त्याचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकूं नये, नाहीं तर व्यापाऱ्यांस उपद्रव होऊन बंदरेंच बसतील; छावणी दर वर्षीं एकाच बंदरांत करूं नये, इतक्या बारकाव्यानें लिहिलेलें तें प्रकरण आहे. व्यापार आणि आरमार यांचा संबंध इतक्या नेमकेपणानें सांगणारा दुसरा जुना मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि १७५५ त नानासाहेब पेशव्यांनीं तुळाजी आंग्र्याविरुद्ध इंग्रजांशीं हातमिळवणी केली. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचें आरमार जळालें. तुळाजी बेबंद होता हें मान्य. पण बेबंद हात सरळ करण्यासाठीं तो परक्याकडून तोडविला गेला. किल्ला ताब्यांत घेण्यासही पुढें महिनेन् महिने वाद घालावा लागला, आणि बदल्यांत बाणकोट द्यावें लागलें. खाडीच्या मुखाशीं जागा देऊं नये, हें वाक्य त्या दिवशीं पुण्याच्या दफ्तरांत कोणास आठवलें होतें कीं नाहीं कोण जाणे.

शेवटचा मुद्दा ज्ञानाचा. टोपीकराच्या मागें राजा आहे हें अमात्यांनीं सांगितलें. तो राजा कोण, त्याचा दरबार कसा चालतो, कंपनीचें आणि त्याचें नातें काय, हें जाणून घेण्यास कोणी माणूस पाठवावा असें मात्र ते कोठें सुचवीत नाहींत. समोरचा पक्ष काय करीत होता? वसई पडल्यावर १७३९ त मुंबईकरांनीं इंचबर्ड यास चिमाजीअप्पाशीं तह करण्यास पाठविलें, आणि त्याच वेळीं कप्तान गॉर्डन यास साताऱ्यास. शाहूमहाराजांच्या दरबारांत पेशव्यांचे हेवेदावे करणारे कोण आहेत हें पाहून येणें हें त्याचें काम. १७७२ त मॉस्टिन पुण्यास येऊन राहिला. उलट १७७७ त सेंट ल्युबिन हा फरासीस आपण राजाचे वकील म्हणून पुण्यास आला, तेव्हां त्याचें पॅरिसांत वजन किती हें ताडून पाहण्याचें साधन नाना फडणिसांसारख्या चतुर पुरुषाजवळही नव्हतें. खोपोलीस घाटाच्या तोंडाशीं ज्यांनीं तलाव आणि देऊळ बांधलें, ज्यांनीं १७८० त हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांस इंग्रजांविरुद्ध एका सूत्रांत ओवण्याचा खटाटोप केला, त्या नानांना हिंदुस्थानांतली प्रत्येक कचेरी ठाऊक होती. लंडनची नव्हती.

तेथवर मराठी माणूस गेला नाहीं असें मात्र नाहीं. १७८१ त हनुमंतराव नांवाचा एक ब्राह्मण, मणियार नांवाच्या पारशास आणि त्याच्या मुलास बरोबर घेऊन, विलायतेस पोंचला. परक्या देशांत सोंवळ्यानें स्वयंपाक कोठें करावा हीच त्याची पहिली अडचण. एडमंड बर्क यानें त्याची दया येऊन बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेंतलें कांचघर त्याला त्यासाठीं मोकळें करून दिलें. पार्लमेंटांतल्या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ वक्त्याच्या दारीं मराठी वकील जेवला. त्यास पाठविणारे धनी पुण्याचे कारभारी नव्हते. ते सुरतेच्या तहाचे रघुनाथराव होते.